हायपरबेरिक ऑक्सिजन आणि शस्त्रक्रिया : वाचकांचे प्रश्न, सर्जनची उत्तरे

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी हायपरबेरिक ऑक्सिजन, म्हणजे बंद चेंबरमध्ये वाढवलेल्या दाबाखाली ऑक्सिजन देण्याच्या उपचाराविषयीची पत्रे या महिन्याच्या सदरासाठी वेगळी काढली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लेखकांची नावे दिलेली नाहीत. पत्रावरून रुग्ण तपासता येत नाही, त्यामुळे येथे दिलेली उत्तरे आपल्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावीत एवढ्याच हेतूने लिहिलेली आहेत.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६७ आहे. तिला मधुमेह आहे आणि मिरजेत तिच्या उजव्या गुडघ्याच्या सांधेरोपणाची शस्त्रक्रिया ठरली आहे. शस्त्रक्रियेपूर्वी दहा आणि नंतर दहा सिटिंग चेंबरमध्ये घेतल्यास जखम लवकर भरते आणि पू होत नाही, असे सांगून एका केंद्राने पॅकेज सुचवले आहे. ते घ्यावे का? (एक वाचक, आष्टा)

उत्तर : आपण लिहिलेल्या माहितीवरून तरी आपल्या मातोश्रींना या उपचाराची गरज दिसत नाही. असे का म्हणतो ते कळण्यासाठी चेंबरमध्ये शरीरात नेमके काय घडते ते पाहावे लागेल, आणि पुढच्या सगळ्याच उत्तरांना त्याचा आधार लागणार असल्यामुळे ते येथेच सविस्तर लिहितो.

आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, आणि फुप्फुसे निरोगी असलेल्या माणसाच्या रोहिणीतील हिमोग्लोबिन तेवढ्यावरच ९७-९८ टक्के भरलेले असते. म्हणजे नुसता शुद्ध ऑक्सिजन नाकाला लावला तरी हिमोग्लोबिनवर आणखी चढवायला फारशी जागाच नसते. जागा असते ती रक्तातील द्रवभागात. द्रवावर वायूचा दाब जितका अधिक तितका तो वायू त्यात अधिक विरघळतो, हा विल्यम हेन्री यांनी १८०३ साली मांडलेला नियम येथे कामाला येतो. बंद चेंबरमधील दाब वातावरणाच्या दुप्पट-अडीचपट करायचा आणि त्या दाबाखाली रुग्णाला शंभर टक्के ऑक्सिजन श्वासावाटे द्यायचा, एवढेच या उपचाराचे मूळ रूप आहे. एरवी १०० मिलीलिटर रक्ताच्या द्रवभागात जेमतेम ०.३ मिलीलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. तिप्पट दाबाखाली हेच प्रमाण सुमारे ६ मिलीलिटरपर्यंत जाते, आणि माणूस स्वस्थ पडून असताना त्याचे शरीर तेवढ्या रक्तातून साधारणपणे इतकाच ऑक्सिजन वापरत असते. ॲमस्टरडॅमचे सर्जन ईटे बोरेमा यांनी १९६० मध्ये डुकरांच्या रक्तातील जवळजवळ सर्व तांबड्या पेशी काढून टाकून, केवळ द्रवात विरघळलेल्या ऑक्सिजनवर ती जनावरे चेंबरमध्ये जिवंत ठेवून दाखवली होती. त्या काळी हृदयाच्या शस्त्रक्रिया चेंबरमध्येच करण्याचेही प्रयोग झाले. हार्ट-लंग यंत्र सुधारले तशी ती गरज संपली आणि उपचार पुन्हा जखमांकडे वळला.

जखमेच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढे आहे. चेंबरमधून बाहेर आल्यावर रक्तातील हा जादा ऑक्सिजन काही मिनिटांत आणि ऊतींमधला थोड्या तासांत ओसरतो. मात्र ज्या ऊती ऑक्सिजनला मुकलेल्या आहेत, त्यांना रोज दीड तास असा भरपूर ऑक्सिजन कित्येक आठवडे मिळत राहिला, तर तेथे नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटू लागतात, जखम सांधणारे कोलॅजन नीट विणले जाते आणि जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना त्यांचे काम करण्यापुरता ऑक्सिजन मिळतो. यातला ‘मुकलेल्या’ हा शब्द कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही. ज्या गुडघ्याचा रक्तपुरवठा चांगला आहे, तेथील जखमेला ऑक्सिजनची टंचाईच नसते, आणि नसलेली टंचाई भरून काढण्यासाठी दहा-वीस सत्रांचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी ऑक्सिजन देऊन शरीर तयार करण्याची कल्पना सर्वस्वी पोकळ आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेआधी चेंबरमध्ये ऑक्सिजन देऊन पाहिल्याचे काही लहान अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत आणि त्यांतील काही निष्कर्ष आशादायक आहेत. परंतु एवढ्या बळावर सांधेरोपण, हर्निया, पित्ताशय किंवा सिझेरियनसाठी येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला चेंबरमध्ये बसवावे, असे कोणत्याही जबाबदार सर्जनला सांगता येणार नाही.

आपल्या मातोश्रींच्या बाबतीत तेच पैसे आणि तोच वेळ कशावर खर्च करावा, हे मात्र खात्रीने सांगता येते. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करावी, आणि ती आठच्या वर असल्यास घाईची नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलून साखर आटोक्यात आणावी. हिमोग्लोबिन कमी असल्यास त्याचे कारण शोधून ते वाढवावे. किडलेले दात, लघवीतील जंतुसंसर्ग, पायाच्या बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या यांचा उपचार आधी करून घ्यावा. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेऊन शस्त्रक्रियेपूर्वीच सुरू करावेत. आणि त्या मिश्री लावत असतील, तर ती निदान चार आठवडे आधी बंद करावी. शस्त्रक्रियेपूर्वी ‘तंबाखू खाता का’ असे विचारल्यावर आपल्याकडच्या कित्येक आजी ठामपणे ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्री हा तंबाखू आहे हे त्यांच्या गावीही नसते. निकोटिनने त्वचेकडील बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि चेंबर जे काम काही तास करू पाहतो ते मिश्री दिवसभर उलटवत राहते.

प्रश्न : माझ्या पतींना गालाचा कॅन्सर झाला होता. चार वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया आणि त्यानंतर रेडिएशन झाले. आता खालच्या दोन दाढा किडून दुखत आहेत. आमच्या दंतवैद्यांनी दाढा काढण्यास नकार दिला आणि आधी पुण्याला जाऊन चेंबरमध्ये ऑक्सिजन घेऊन या, असे सांगितले. दाढ काढण्यासारख्या साध्या गोष्टीसाठी एवढे करावे लागते का? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : आपल्या दंतवैद्यांनी घाईने दाढ काढली नाही, ही फार चांगली गोष्ट झाली. रेडिएशन झालेल्या जबड्यातील दाढ काढणे ही साधी गोष्ट राहत नाही. किरणांमुळे हाडातील बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे हळूहळू बुजत जातात आणि हाड वरून धडधाकट दिसले तरी आतून त्याची भरून येण्याची ताकद संपत येते. अशा हाडातून दात उपटला की तेथील खड्डा भरत नाही, हाड उघडे पडते आणि महिनोन् महिने उघडेच राहते. याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्यात, पुढच्या दातांपेक्षा दाढांच्या भागात आणि किरणांची मात्रा ६० ग्रेच्या (ग्रे हे ती मात्रा मोजण्याचे एकक) पुढे गेली असल्यास हा धोका जास्त असतो. तंबाखू, गुटखा आणि मिश्रीमुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण आपल्या भागात इतके आहेत की हा प्रश्न केवळ आपल्या घरापुरता नाही.

शस्त्रक्रियेच्या पूर्वतयारीसाठी चेंबर वापरण्याची सर्वांत प्रसिद्ध पद्धत याच दाढेवरून निघाली. अमेरिकेतील रॉबर्ट मार्क्स यांनी १९८० च्या दशकात असे दाखवले की, वातावरणाच्या २.४ पट दाबाखाली रोज ९० मिनिटे अशी वीस सत्रे दिल्यावर किरणांनी ओसाड झालेल्या ऊतींत नव्या रक्तवाहिन्या तयार होतात आणि त्यांची दाटी निरोगी ऊतींच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते. त्यावरून दात काढण्याआधी २० आणि काढल्यानंतर १० सत्रे, असा क्रम ठरला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत नुसते पेनिसिलिन दिलेल्या रुग्णांपेक्षा चेंबरमध्ये गेलेल्या रुग्णांत हाड सडण्याचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे जगभर हा क्रम जवळजवळ नियमासारखा पाळला गेला. आपल्या दंतवैद्यांनी दिलेला सल्ला त्याच परंपरेतला आहे.

परंतु २०१९ मध्ये ब्रिटनमधील हॉपॉन या चाचणीचे निष्कर्ष आले. किरणोपचार झालेल्या खालच्या जबड्यातील दात काढणे किंवा तेथे इम्प्लांट बसवणे अशा कामासाठी आलेल्या रुग्णांचे त्यात दोन गट केले होते आणि दोन्ही गटांना प्रतिजैविके व तोंड धुण्याचे औषध दिले होते. चेंबरमध्ये गेलेल्या गटात सहा महिन्यांनी हाड उघडे राहण्याचे प्रमाण ६.४ टक्के, तर न गेलेल्या गटात ५.७ टक्के निघाले. म्हणजे दोन्हींत फरक नव्हता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मूळ धोकाच पूर्वी धरला जात होता त्यापेक्षा बराच कमी आढळला. आजची किरणोपचाराची यंत्रे अधिक नेमकी झाली आहेत, प्रतिजैविके सुधारली आहेत, दात काढण्याची पद्धतही अधिक हळुवार झाली आहे. या सगळ्याचा हा एकत्रित परिणाम असावा.

मग आपण काय करावे? माझे मत असे की, प्रथम दाढा वाचवता येतात का ते पाहावे. रूट कॅनाल करून, वरचा भाग कापून मुळे तशीच हाडात ठेवण्याचा पर्यायही अशा रुग्णांत वापरला जातो, कारण मूळ राहिले तरी चालेल पण हाड उघडे पडता कामा नये. काढाव्याच लागल्या तर किरणोपचार केंद्रातून जुनी कागदपत्रे मागवून दाढांच्या जागी नेमकी किती मात्रा पडली होती ते पाहावे, आणि मुखशल्यचिकित्सकाकडून रुग्णालयात, प्रतिजैविकांच्या संरक्षणाखाली, हाडाला कमीत कमी इजा करून त्या काढाव्यात. मात्रा मध्यम असेल आणि हिरडी निरोगी असेल, तर चेंबरसाठी पुण्याला महिनाभर बिऱ्हाड करण्याचा आग्रह मी धरणार नाही. मात्रा फार जास्त असेल, त्याच जागी पूर्वी हाड उघडे पडलेले असेल किंवा जबड्यावर मोठी पुनर्रचना करायची असेल, तर मात्र गणित बदलते आणि संबंधित तज्ज्ञांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा. हाड आधीच उघडे दिसत असल्यास कॅन्सर पुन्हा उलटलेला नाही ना, हे तुकडा तपासून पाहिल्याशिवाय कोणताही उपचार सुरू करू नये. ऑक्सिजनमुळे कॅन्सर वाढतो अशी भीती अनेकांना वाटते. आजवरच्या अभ्यासांत तसा पुरावा आढळलेला नाही, तरीही शिल्लक राहिलेला कॅन्सर नजरेतून सुटू नये म्हणून ही खबरदारी घ्यायची.

जाता जाता एक गोष्ट नमूद करतो, कारण तिच्याविषयी फारसे कोणी विचारत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी किरणोपचार घेतलेल्या ज्या स्त्रियांना काही वर्षांनी लघवीतून वारंवार रक्त जाते आणि सारखी घाई होते, त्यांच्यासाठी या उपचाराचा पुरावा दाढेपेक्षा अधिक चांगला आहे. उत्तर युरोपातील रिच-आर्ट या चाचणीत ३० ते ४० सत्रांनंतर मूत्राशयाच्या तक्रारी स्पष्टपणे कमी झालेल्या दिसल्या.

प्रश्न : वडिलांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. उसाच्या खोडव्यात अनवाणी चालताना तळपायात धसकट घुसले आणि दोन महिने झाले तरी जखम भरत नाही. अंगठा काळपट पडला आहे. डॉक्टर अंगठा काढायचा म्हणतात. चेंबरने पाय वाचेल का? (एक वाचक, कोरेगाव)

उत्तर : वाचण्याची शक्यता वाढू शकते, परंतु चेंबर हा या उपचारातला पहिला टप्पा नव्हे, आणि तो पहिला धरला तर उरलेला पायही जाण्याचा धोका असतो. अंगठा काळपट पडणे याचा अर्थ तेथे रक्त पोहोचत नाही, असा धरून चालावे. जेथे रक्तच जात नाही तेथे रक्तात विरघळलेला ऑक्सिजन कसा जाणार? म्हणून आधी या आठवड्यातच घोट्याजवळची नाडी तपासून डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी करून घ्यावी आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनचे मत घ्यावे. मोठी वाहिनी बुजलेली असेल तर फुगा घालून किंवा बायपास करून ती मोकळी करता येते का, हा पहिला प्रश्न आहे. मेलेला भाग आणि पू काढणे, हाडापर्यंत जंतुसंसर्ग गेला आहे का ते क्ष-किरण किंवा एमआरआयवर पाहणे, साखर आटोक्यात आणणे आणि त्या पायावरचा भार पूर्णपणे काढणे, ही कामे त्याच्या बरोबरीने व्हावी लागतात. शेवटचे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. पट्टी रोज बदलायची आणि त्याच पायाने उसाला पाणी पाजायला जायचे, हे चालू राहिले तर जगातला कोणताही उपचार त्या जखमेला पुरणार नाही.

एवढे सगळे महिनाभर नीट करूनही खोल, हाडापर्यंत गेलेली जखम पुढे सरकत नसेल, तर चेंबरचा विचार योग्य ठरतो. पुरावा येथेही एकमुखी नाही. स्वीडनमध्ये ९४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, चेंबरमध्ये खरा ऑक्सिजन मिळालेल्या ५२ टक्के रुग्णांची जखम वर्षभरात पूर्ण भरली, तर चेंबरमध्ये बसवून साधी हवा दिलेल्यांत हे प्रमाण २९ टक्के होते. रुग्णाला आणि डॉक्टरला कोणाला काय मिळते आहे हे माहीत नसताना हा फरक दिसला, म्हणून मी त्याला वजन देतो. त्यानंतर कॅनडातील २०१६ च्या आणि नेदरलँड्स-बेल्जियममधील २०१८ च्या चाचण्यांत मात्र पाय कापण्याचे प्रमाण कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. यांतील दुसऱ्या चाचणीत अनेक रुग्णांना सगळी सत्रे पूर्ण करणेच झेपले नाही. रुग्ण थकलेले असतात, त्यांचे हृदय आणि मूत्रपिंडे दुबळी असतात, आणि चाळीस दिवस रोज ये-जा करणे हीच त्यांच्यासाठी मोठी परीक्षा असते.

कोणत्या पायाला फायदा होईल याचा अंदाज आधीच घेता येतो. जखमेलगतच्या त्वचेवर एक छोटा सेन्सर चिकटवून तेथील ऑक्सिजनचा दाब मोजतात. तो पाऱ्याच्या ४० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर जखम ऑक्सिजनसाठी उपाशी आहे असे समजतात, आणि चेंबरमध्ये ऑक्सिजन देताना तोच आकडा २०० च्या वर गेला तर उपचाराचा उपयोग होण्याची चांगली शक्यता असते. चेंबरमध्येही आकडा वर चढत नसेल, तर सत्रे चालू ठेवण्यात पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात. केंद्रात ही तपासणी होते का, हे आपण पहिल्याच भेटीत विचारावे. होत नसेल तर निदान दहा-पंधरा सत्रांनंतर जखमेचे मोजमाप करून पुढे जायचे की थांबायचे हे ठरवण्याची बोली आधीच करावी.

मधुमेही रुग्णांसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. सत्रादरम्यान रक्तातील साखर उतरू शकते. म्हणून उपाशीपोटी आत जाऊ नये आणि आधी व नंतर साखर तपासावी.

प्रश्न : अपघातात भावाच्या पोटरीची कातडी सोलली गेली. मांडीची त्वचा काढून तेथे लावली आहे. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडल्यावर काही भाग निळसर दिसला. चेंबरची वाट पाहावी की पुन्हा त्वचा लावावी? (एक वाचक, कराड)

उत्तर : हे पत्र छापून येईपर्यंत आपल्या भावाच्या बाबतीत निर्णय होऊन गेलेला असेल, तरी इतरांसाठी लिहितो. येथे दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. लावलेली त्वचा किंवा शेजारच्या भागातून रक्तवाहिन्यांच्या देठासह फिरवलेला मांसल पडदा निळा पडू लागला तर सर्जनने आधी कारण शोधायचे असते. खाली रक्त साचले आहे का, पट्टी आवळली आहे का, पडद्याच्या देठाला पीळ पडला आहे का, हे पाहून ते दूर करायचे. त्यानंतरही भाग धोक्यात असेल आणि चेंबर जवळ असेल, तर पहिल्या काही दिवसांत दिवसातून दोनदाही सत्रे देतात. डेव्हिड पेरिन्स यांनी १९६७ मध्ये त्वचारोपणाच्या ४८ रुग्णांत, आणि फ्रान्समधील बुआशूर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये चिरडलेल्या अवयवांच्या ३६ रुग्णांत, चेंबरचा फायदा दाखवला होता. चाचण्या लहान आहेत, परंतु दोन्ही पद्धतशीर आहेत. उसाच्या चरकात किंवा मळणी यंत्रात हात चिरडण्याच्या अपघातांनाही हेच लागू आहे. जी त्वचा गुलाबी आहे आणि व्यवस्थित चिकटली आहे, तिच्यासाठी चेंबर लागत नाही.

प्रश्न : पत्नीला डॉक्टरांनी तीस सिटिंग सांगितली आहेत. तिला बंद जागेची भीती वाटते. आत नक्की काय होते? कान फुटतात असे ऐकले, ते खरे का? (एक वाचक, वाई)

उत्तर : आपण वाईचे आहात, त्यामुळे कानाचे समजावणे सोपे आहे. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना कानांत दडे बसतात आणि आवंढा गिळला की ते सुटतात. चेंबरमधील दाब वाढताना नेमके तेच, फक्त कितीतरी अधिक तीव्रतेने होते, कारण २.४ पट दाब म्हणजे समुद्रात सुमारे १४ मीटर खाली गेल्यासारखे आहे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत दाब हळूहळू वाढवतात. त्या वेळी आवंढा गिळणे, जांभई देणे, किंवा नाक चिमटीत धरून तोंड मिटून हलकेच फुंकर मारणे, हे आधी शिकवले जाते. कान दुखू लागताच हात वर करावा, म्हणजे दाब वाढवणे थांबवतात. सहन करत बसले तर पडद्याला इजा होते, आणि या उपचाराचा सर्वांत जास्त आढळणारा त्रास हाच आहे. सर्दी असेल त्या दिवशी जाऊ नये.

दाब ठरल्याप्रमाणे झाल्यावर सुमारे ९० मिनिटे मुखवट्यातून किंवा डोक्यावरच्या पारदर्शक टोपातून ऑक्सिजन घेत बसायचे किंवा पडायचे असते, आणि मध्ये काही मिनिटे साधी हवा दिली जाते. ही विश्रांती मुद्दाम असते, कारण दाबाखालील ऑक्सिजन सलग मिळाल्यास क्वचित फिट येऊ शकते. एका व्यक्तीचे चेंबर पारदर्शक नळीसारखे असते, तर अनेकांचे चेंबर लहानशा खोलीसारखे असून त्यात परिचारिका सोबत बसू शकते. आपल्या पत्नीसाठी दुसऱ्या प्रकारचे चेंबर निवडावे, आणि पहिल्या सत्राआधी एकदा दार उघडे ठेवून आत बसून पाहण्याची परवानगी मागावी. तीस सत्रांच्या अखेरीस लांबचे थोडे अंधूक दिसू लागल्यास घाबरू नये व लगेच नवा चष्मा करू नये, बहुतेकांची नजर काही आठवड्यांत पूर्ववत होते. मोतीबिंदू आधीच असेल तर तो मात्र वाढू शकतो.

ज्या नियमांवरून रुग्ण सर्वांत जास्त कुरकुर करतात, त्यांचे कारण आग हे आहे. ऑक्सिजनच्या वातावरणात ठिणगी पडली की एरवी सहज न पेटणारी वस्तूही भडकते. म्हणून संपूर्ण सुती कपडे घालावे लागतात. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची साडी, केसांचे तेल, बाम, पावडर, अत्तर, नेलपॉलिश, मोबाइल, घड्याळ, कानाचे यंत्र, काडेपेटी यांपैकी काहीही आत नेता येत नाही. १९९७ मध्ये इटलीतील मिलान येथे एका रुग्णाने थंडीसाठी हात शेकण्याचे छोटे उपकरण आत नेले आणि लागलेल्या आगीत ११ जणांचा मृत्यू झाला. डोक्याला तेल न लावता बाहेर पडणे आपल्याकडच्या बायकांना जड जाते, परंतु जे केंद्र आत जाण्यापूर्वी कपडे बदलायला लावत नाही आणि अंग तपासत नाही, त्या केंद्रात जाऊ नये, असे मी निक्षून सांगेन.

प्रश्न : सांगलीत एका सौंदर्य केंद्रात फुगवायचे चेंबर आहे. प्लास्टिक सर्जरीनंतर सूज लवकर उतरते असे ते सांगतात. ते हेच का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. कापडी, फुगवायच्या चेंबरमध्ये दाब साधारण १.३ पटींपर्यंतच जातो आणि त्यात बहुधा साधी किंवा थोडी समृद्ध केलेली हवा असते. वैद्यकीय उपचारासाठी किमान १.४ पट दाब आणि जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन लागतो, आणि प्रत्यक्ष वापर २ ते २.५ पटींचा असतो. अमेरिकेत अशा फुगवायच्या चेंबरना उंच पर्वतावरील विरळ हवेमुळे होणाऱ्या त्रासासाठी मान्यता आहे, जखमांसाठी नाही. या आकड्यांवरून सूज उतरण्याचा दावा टिकत नाही.

प्रश्न : घरी ऑक्सिजनचे सिलिंडर आहे. मास्क लावून तोच परिणाम मिळेल का? (एक वाचक, फलटण)

उत्तर : मिळणार नाही. दाब नसेल तर द्रवात जादा ऑक्सिजन पुरेसा विरघळत नाही. शिवाय दम्यासारखा जुना श्वसनविकार असलेल्या वृद्धांना डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय जास्त ऑक्सिजन लावल्याने श्वास मंदावूही शकतो.

प्रश्न : वडिलांना जतहून पुण्याला नेऊन चाळीस सिटिंग पूर्ण करायची आहेत. निघण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पाहून घ्याव्यात? (एक वाचक, जत)

उत्तर : प्रथम हा उपचार त्यांना चालतो का ते पाहावे. छातीच्या पोकळीत हवा शिरून फुप्फुस दबलेले असेल आणि त्यावर उपचार झालेला नसेल, तर चेंबरमध्ये अजिबात जाता येत नाही. फुप्फुसात हवेचे मोठे फुगे, फिट्स, ताप, नुकतीच झालेली कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, दुबळे हृदय, पेसमेकर यांपैकी काही असल्यास ते आधीच सांगावे. म्हणून छातीचा क्ष-किरण, ईसीजी आणि कानांची तपासणी सांगलीतच करून घ्यावी. पूर्वी कॅन्सरसाठी औषधे घेतली असल्यास त्यांची यादी सोबत न्यावी, कारण ब्लिओमायसिन घेतलेल्या रुग्णाच्या फुप्फुसाला हा ऑक्सिजन अपाय करू शकतो, तर सिसप्लाटिन सुरू असताना जखम भरण्यात अडथळा येऊ शकतो.

केंद्राविषयी चार प्रश्न फोनवरच विचारता येतात. दाब किती पट देता, ऑक्सिजन किती टक्के असतो, सत्र चालू असताना प्रशिक्षित डॉक्टर हजर असतात का, आणि कोणत्या निदानासाठी तुम्ही हा उपचार देत नाही? शेवटच्या प्रश्नाला ‘सगळ्यांसाठी चालतो’ असे उत्तर आले तर दुसरे केंद्र शोधावे. पुण्या-मुंबईत रुग्णालयांशी जोडलेली केंद्रे आहेत, आणि मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारातील नौदल वैद्यकीय संस्थेत पाणबुड्यांच्या गरजेतून हे शास्त्र आपल्या देशात दीर्घकाळ जोपासले गेले आहे.

सत्रे आठवड्यातून पाच दिवस असतात, म्हणजे चाळीस सत्रांना आठ आठवडे लागतात. जतहून रोज ये-जा अशक्य आहे, तेव्हा राहण्याची, सोबतीच्या माणसाची आणि मधुमेह असल्यास वेळेवर जेवणाची सोय आधी करावी. विमा असेल तर मंजुरी लेखी घ्यावी, तोंडी आश्वासनावर निघू नये. आणि पट्टी बदलणारे, साखर पाहणारे, पायाला योग्य पादत्राण देणारे डॉक्टर पुण्यात कोण असतील हे ठरल्याशिवाय पहिल्या सत्राची तारीख घेऊ नये.